पाहुण्यांसमोर फिटंफाट

“जगात दोनच गोष्टी पवित्र आहेत,” नेबोयशानं भरल्या घरात जाहीर केलं, “माझा मुलगा आणि माझा उंबरठा! पहिल्याला ज्यांनी हात लावला, त्यांचा पाय मी दुसऱ्याला लागू देणार नाही. रक्ताचे पाट वाहतील!” मग त्यानं ती खिडकी आधी लावून घ्यायला सांगितलं. वाऱ्याचा झोत लागला की त्याची मान धरते.

संत निकोला हा त्या घराण्याचा संत. त्याच्या सणाला मोरावा नदीकाठच्या या गावात कुणी कुणाला बोलावत नाही. दार उघडं असतं, येईल तो पाहुणा. आलेल्याला माघारी धाडणं म्हणजे संतालाच हाकलणं. यजमानानं दिवसभर बसायचं नाही, असाही रिवाज आहे. त्यामुळे नेबोयशा त्या दिवशी खंबीरपणे उभा होता.

गेल्या बुधवारी शाळेच्या मुतारीत ओब्राद नावाच्या मुलानं नेबोयशाच्या मुलाचं, रास्तकोचं, डोकं बेसिनवर आपटलं होतं. भुवईवर टाके पडले. तेव्हापासून रास्तको घरीच होता आणि उद्या त्याला परत वर्गात जायचं होतं. त्याआधी बाबा शाळेत जाऊन येतात की नाही, एवढ्याकडेच त्याचे डोळे लागले होते. बाबा सगळीकडे जाऊन आले. कॅफेत गेले, न्हाव्याकडे गेले, बाजारात मासे घेताना तर असे गरजले की कोळीण वजन करायचं विसरली. शाळा तेवढी वाटेत लागली नाही.

“मान वर कर बघू,” आई स्लाजाना म्हणाली आणि टाक्यांवर तिनं आपली पावडर थापली. “लोक उगाच विचारत बसतील.”

“विचारू दे ना.”

“आज नको रे राजा. आज सण आहे.”

तिनं त्याच्या हातात तबक दिलं. साखर-अक्रोड घालून शिजवलेले गहू, चमचे आणि पाण्याचा पेला. दारात येणाऱ्या प्रत्येकानं आधी छातीवर क्रूसाची खूण करायची, चमचाभर गहू तोंडात टाकायचे, उष्टा चमचा पेल्यात सोडायचा. तबक घरातल्या मुलानं धरायचं.

दुपारी दारात झ्वोंको उभा राहिला. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात ओब्राद. गावातली घरं ऊबदार ठेवायला नळीतून गरम पाणी सोडणाऱ्या केंद्राचा झ्वोंको हा डायरेक्टर, ओब्राद त्याचा मुलगा, आणि महिना डिसेंबर.

“डायरेक्टरसाहेब!” नेबोयशा दोन्ही हात पसरून धावला. “अहो, केवढं भाग्य आमचं!” तीनदा गालाला गाल लागले.

“दाजी,” मिलेन्कोमामानं मागून विचारलं, “ते रक्ताचे पाट कधी सुरू होणार? नाही, मी आपलं बूट भिजायच्या आधी काढून ठेवतो.”

“गप रे. संताचा दिवस आहे.”

ओब्रादनं रास्तकोच्या तबकातला चमचा उचलला, अगदी सावकाश क्रूस केला, गहू खाल्ले.

“काय वळण आहे हो पोराला!” आजी म्हणाली.

पाहुण्यांना टेबलाच्या वरच्या टोकाला बसवलं. तळलेला मासा त्यांच्याकडे सरकला. आलुबुखाऱ्याच्या दारूचा तिसरा पेला पोटात गेल्यावर झ्वोंको उठला.

“मी न्यायाचा माणूस आहे,” तो म्हणाला. “शाळा, पोलीस, ती मुलांशी गोड बोलणारी समुपदेशक बाई, हे सगळं नामर्दांसाठी. पोरांचं भांडण पोरांनी मिटवायचं. ऊठ रे ओब्राद! रास्तको, बेटा, इकडे ये. हाण याच्या कानाखाली. माझ्यादेखत. एक दिलीस की फिटंफाट!”

नेबोयशाचे डोळे भरून आले. “याला म्हणतात मर्द!” त्यानं सगळ्या टेबलाकडे पाहिलं. “ऐकलंत? स्वतःचं पोर पुढे केलं माणसानं!”

टेबलाभोवती एकदम उत्साह पसरला. शेजारच्यांनी खुर्च्या मागे ओढल्या. कुणीतरी पेले उचलून धरले.

“मेणबत्तीपासून लांब घ्या रे,” आजी ओरडली. “संताची विझली तर वर्षभर निस्तरावं लागेल.”

“तळहात उघडा ठेव, भाच्या,” मिलेन्कोमामानं शिकवलं. “मूठ वळलीस तर तुझंच बोट मोडेल.”

“आणि टेबलक्लॉथ सांभाळा,” स्लाजाना म्हणाली. “सासूबाईंनी विणलाय.”

“मार बाळा,” नेबोयशा म्हणाला. “लाजू नकोस. बाप आहे ना पाठीशी.”

ओब्राद पुढे आला. त्यानं शहाण्या मुलासारखे हात पाठीमागे बांधले, गाल पुढे केला आणि डोळे मिटले. मिटण्याआधी, फक्त रास्तकोला ऐकू जाईल इतकं हळू, तो म्हणाला, “उद्या भेटूच.”

रास्तकोनं तबक टेबलावर ठेवलं. भुवईवरची पावडर घामानं ओघळून त्याच्या डोळ्यात गेली होती. त्यानं ती बाहीनं पुसली, तसे काळे टाके उघडे पडले आणि टेबलाभोवतीचे लोक मासा न्याहाळू लागले.

त्यानं हात उचलला नाही. तो बापाकडे वळला.

“बाबा,” तो म्हणाला, “उद्या सकाळी जरा शाळेत येशील? बाईंना सांगून माझा बाक बदलून दे. आम्ही दोघं एकाच बाकावर बसतो.”