शून्याचा महिना

मुलुंडच्या त्या प्रसूतिगृहात सकाळपासून नुसती धमाल होती. नवजात बाळांच्या मृत्यूंचा आकडा गेली काही वर्षं हळूहळू खाली येत होता. सरत्या महिन्यात तो चक्क शून्यावर आला होता. डॉक्टर श्रुतिका धावतच वॉर्डात शिरल्या. "सिस्टर, एकही बाळ गेलं नाही! एकही नाही!" नंदा सिस्टरनी त्यांना मिठीच मारली.

त्यात आज प्रियंकाचं बाळ घरी निघालं होतं. दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं, आईच्या छातीशी बांधून बांधून वाढवलेलं. नवरा रिक्षा थांबवायला खाली गेला होता आणि प्रियंकाला जिना उतरायला अजून कठड्याचा आधार लागत होता. तिने बाळ वॉर्डबॉय धोंडिरामपुढे धरलं. "मामा, खालपर्यंत घ्या ना याला."

धोंडिराम एकदम मागे सरला. "मी नको, ताई. दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

नंदा सिस्टर त्याच्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "घ्या मामा. आज घ्या."

त्याने बाळ घेतलं. पहिल्याच पायरीवर बाळाने असा टाहो फोडला की अख्खा वॉर्ड हसायला लागला.

"द्या इकडे, मी गप्प करते त्याला," सिस्टर म्हणाल्या.

"नको, नको, रडू दे!" धोंडिराम हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "या वॉर्डातून इतकी बाळं खाली नेली मी, सिस्टर. रडणारं हे पहिलंच."