भिंतीवरचे वोक्लेर

सोलेन आपला होणारा नवरा फाब्रिस पिशों याला रविवारच्या जेवणाला पहिल्यांदाच घरी घेऊन आली. कालवांचं ताट येण्याआधीच तिच्या वडिलांनी, ऑक्ताव्ह वोक्लेर यांनी, त्याला भिंतीवरच्या तसबिरींपुढे उभं केलं. एक अ‍ॅडमिरल, एक बिशप, एक वनस्पतीशास्त्रज्ञ. सगळे वोक्लेर.

"आणि तुमच्या पिशोंमध्ये कोण होऊन गेलं?"

"कारकून," फाब्रिस म्हणाला. "पाच पिढ्या इथल्याच नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी करतोय."

"ऐकलंस?" ऑक्ताव्ह बायकोकडे वळले. "वोक्लेरांची मुलगी आता पिशों म्हणवून घेणार."

फाब्रिसने आणलेली भेट पुढे केली. ऑक्ताव्हच्या खापरपणजोबांच्या जन्मनोंदीची नक्कल होती. "सावकाश वाचा, जेवण झाल्यावर," तो म्हणाला.

पण ऑक्ताव्हना कुठला धीर. चष्मा चढवून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला घेतलं, आणि ओळीओळीला त्यांचा आवाज बसत गेला.

"आज सकाळी अ‍ॅडमिरल वोक्लेर यांच्या पुतळ्याखाली टोपलीत एक तान्हं मूल सापडलं. आईबापांचा पत्ता नाही. सबब पुतळ्याचंच आडनाव लावलं आहे.



सही, पिशों, कारकून."