ख्रिस्तोफरला बोललेला नवस

"आई, आज पुन्हा चर्च?" ईशान दारातच वैतागला.

"मग? तुझ्या परीक्षेचा नवस बोललेय मी." वृंदाबाईंनी ओले बूट काढले.

ईशाननं कपाळावर हात मारला. संत ख्रिस्तोफर नावाचा माणूस कधी झालाच नाही, असा प्रबंध त्यानं लिहिला होता. छोट्या येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा तो धिप्पाड गडी म्हणजे निव्वळ दंतकथा. आणि याची सख्खी आई, वडील गेल्यावर पहिल्यांदाच पुण्याहून आलेली, रोज त्याच ख्रिस्तोफरपुढे हात जोडून उभी!

"अगं, तो नव्हताच, हेच मला उद्या पटवायचंय."

"तुझं तुझ्यापाशी. पोराला सुखरूप पैलतीरी नेतो ना? मला तेवढं पुरे."

इथं नेदरलँड्समध्ये ऐनवेळी सहसा कुणाला नापास करत नाहीत. पण परीक्षा समितीतले एक प्राध्यापक 'ख्रिस्तोफर होऊन गेलाच' म्हणणारे, आणि भलते हट्टी. त्यांनी खोडा घातला तर पदवी गेली, द हेगची नोकरी गेली, राहायचा परवानाही गेला. ईशान झूटरमेरच्या त्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये येरझाऱ्या घालत होता.

"आणि नाहीच झालास पास, तर?"

"तर गाशा गुंडाळायचा. परवा तुझ्याबरोबरच पुणं."

"बरं," म्हणून वृंदाबाई कणीक मळायला लागल्या.

सकाळी निघताना त्यानं तळहात पुढे केला. "दही-साखर?"

"अगंबाई, विसरलेच की! जा आता, ट्रेन चुकेल."

"तू येत नाहीस?"

"मला तिथलं काय कळणार? मी आपली चर्चमध्ये बसते."

वाकून नमस्कार करून तो निघाला.

प्राध्यापकांनी त्याला चांगलाच घाम फोडला. पण शेवटी तेच उठून हात मिळवायला आले. ईशान डॉक्टर झाला! मित्रांना टांग देऊन तो थेट चर्चमध्ये धावला.

"आई, झालो गं! डॉक्टर झालो!"

वृंदाबाईंनी त्याला पोटाशी धरलं, पाठीवरून हात फिरवला. मग मूर्तीकडे वळल्या.

"तुझंच खरं रे बाळा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "हा कधी नव्हताच. असता, तर माझ्या नवसाला पावला असता, आणि उद्या माझ्याबरोबर तूही विमानात बसला असतास."