दोन फूट कमी

तुम्हाला तो डोंगर पुन्हा मोजायला कोणी सांगितलं होतं? तीन हजार फुटांहून उंच डोंगरांच्या यादीत तो शंभर वर्षं सुखाने होता. मेंढरं चढत होती, माणसं चढत होती, पडणारे पडत होते, कोणाची तक्रार नव्हती. तुम्ही उन्हाळ्यात यंत्र घेऊन वर गेलात, आणि निकाल कळवलात कधी, तर जानेवारीतल्या शनिवारी, इशबेल गेडिस त्याच्या पायथ्याच्या खिंडीत गुडघाभर बर्फात उभी असताना.

खिंडीत टॉर्किलच्या फोनला रेंज आली. हातमोजा दातांत धरून तो बराच वेळ वाचत राहिला.

"काय मास्तर, घरून बोलावणं आलं का?" ऊनाने विचारलं.

"बेन रुआरक यादीतून गेला," टॉर्किल म्हणाला. "दोन फूट कमी भरला."

बेन रुआरक डाव्या हाताला होता, पांढराशुभ्र, उन्हात. यादीतले सगळे डोंगर एकेक करून चढायचे, त्यातला इशबेलचा हा शेवटचा. त्याच्यासाठीच चौघं पहाटे साडेचारला घरून निघाले होते. ऊनाच्या पिशवीत केक होता, ग्रेगरच्या खिशात व्हिस्की. शेवटच्या डोंगराला सोबतचे माथ्याजवळ पुढे जातात, समोरासमोर उभे राहतात, चालायच्या काठ्या वर धरून कमान करतात, आणि ज्याचा शेवटचा तो त्या कमानीखालून वर जातो. सत्तावीस वर्षांत इशबेलने क्लबातल्या अकरा जणांसाठी काठी धरली होती. टॉर्किलच्या वेळी वाऱ्याने मनगट मुरगळलं, तरी खाली घेतली नव्हती.

"म्हणजे तुझं झालंच की," ऊना म्हणाली. "ऑक्टोबरातलाच शेवटचा ठरला. अगं, यादी संपवून बसलीस आणि तुला पत्ताच नाही."

ती हसली, म्हणून ग्रेगरही हसला.

ऑक्टोबरातला तो मंगळवार. धुक्यात स्वतःचे बूट दिसत नव्हते. इशबेलने माथ्यावरच्या दगडांच्या ढिगाला हात लावला, भिजलेलं सँडविच निम्मं खाल्लं, उरलेलं खिशात कोंबलं आणि उतरली. चार मिनिटं थांबली असेल. विचारलं होतं तिने सगळ्यांना. ऊना म्हणाली होती, त्याला कशाला, शेवटच्याला येऊ की.

ग्रेगर उजवीकडे बघत होता. उजवीकडचा डोंगर यादीत होता, आणि तो ऊनाचाही राहिला होता, ग्रेगरचाही. साडेतीनला अंधार पडतो. एका दिवसात दोन्ही होणार नव्हते. हा हिशेब चौघांचाही मनात झाला होता.

"या बर्फातून इथवर पुन्हा कोण येणार," ग्रेगर म्हणाला. "तूही चल ना, इशबेल. तिथे कापू केक."

"तो माझा केव्हाच झालाय."

"मग परत चढायला काय हरकत आहे?"

"आणि हा चढायला काय हरकत आहे?" तिने काठीने डावीकडे दाखवलं.

ग्रेगर बुटाचा बंद आवळायला खाली वाकला. तो सैल नव्हता.

"एकटीने जाऊ नये," टॉर्किल म्हणाला. तो मात्र दोन्हीकडे बघत होता.

"मास्तर, आता ती टेकडी झालीये. टेकडीवर कोणी मरत नाही."

"दीड वाजता इथेच भेटायचं. एक मिनिट उशीर केलास तर मी वर येईन."

"मग करतेच उशीर."

टॉर्किल थोडं हसला आणि त्या दोघांच्या मागे निघाला.

वर जायला तिला तास लागला. बर्फ घट्ट होता, बुटाला लावलेले खिळे कचाकच रुतत होते, त्याशिवाय आवाज नव्हता. माथ्याच्या वीस पावलं आधी ती थांबली. थांबायचं असतं म्हणून थांबली. मग पुढे गेली, आपल्या दोन काठ्या बर्फात समोरासमोर रोवल्या आणि वरची टोकं एकमेकींना टेकवली. मधून फार तर मांजर गेलं असतं. तिने काठ्या उपटल्या आणि बाजूने वर गेली.

समोरच्या माथ्यावर तीन काळे ठिपके होते. हात वर करून उभे होते. फोटो काढत असतील.

दीडला पाच कमी असताना ती खिंडीत आली. तिघं आधीच पोचले होते, थर्मासमधला चहा चालला होता, गाल लाल झाले होते. ऊनाने तिला मिठी मारली. केक अजून कापला नव्हता. "तुझ्यासाठी थांबलोय," ऊना म्हणाली.

टॉर्किलने प्लास्टिकच्या पिशवीतून क्लबची वही काढली. "नोंद करून टाकू. नाहीतर राहते." नाव लिहिलं. डोंगराचं नाव लिहिलं, ऑक्टोबरातल्या. तारीख लिहिली, ऑक्टोबरातली. मग पेन्सिल थांबली. त्याने वही मिटायला घेतली.

"दाखव," इशबेल म्हणाली.

ती आपल्या पाठपिशवीवर बसली, हातमोजा काढला, वही मांडीवर घेतली. शेवटचा रकाना कोरा होता. त्यावर 'काठ्या कोणी धरल्या' असं छापलेलं होतं. वरच्या अकरा ओळींत त्या रकान्यात चार-चार, पाच-पाच नावं होती. प्रत्येक ओळीत तिचं होतं.

"इथे कोणाची नावं घालू?"

ग्रेगरने चहा बर्फात ओतला.

"आम्ही तिथून हात केला होता तुला," ऊना म्हणाली. "दिसला नाही का?"

"तो आज. मी ऑक्टोबरातलं विचारतेय." इशबेलने पेन्सिल कोऱ्या जागेवर टेकवली. "सांगा. कोणाकोणाची लिहू?"