टिकलीखालचं कपाळ

लक्ष्मीबाईंनी कुंकवात बोट बुडवलं आणि हात मधेच थांबवला. समोर पाटावर होणारी सून बसली होती, शिवकन्या. मान खाली, डोक्यावर पदर, आणि कपाळाच्या मधोमध ती टिकली. मरून रंगाची, चांगली मोठी.

बघायला आलो तेव्हा हीच होती. फोटोत हीच. आज पोरीनं हिरवीगार साडी नेसलीय, तरी हीच! अहो, हल्लीच्या पोरी तिळाएवढी लावतात, नाहीतर तेवढीही लावत नाहीत. मग हिलाच रुपयाएवढी कशाला? कळंबहून बेंबळीला येईपर्यंत जीपमध्ये लक्ष्मीबाईंच्या डोक्यात हेच चाललं होतं. एकुलता एक रणधीर. एकदा कुंकू लागलं की शब्द पक्का, मग मागं फिरणं नाही.

"टिकली काढ गं," त्या म्हणाल्या. "आमच्यात कुंकू उघड्या कपाळाला लावत्यात."

शिवकन्या काही बोलायच्या आत तिची आई हरणाबाई पुढं सरकली. "राहू द्या की इहीणबाई. टिकलीच्या वरच लावा, चालतंय."

"का? काढायला काय झालं?"

"काय न्हाय, काय न्हाय..." हरणाबाईंनी ओटीचं ताट मधे धरलं.

म्हणजे इथंच पाणी मुरतंय. लक्ष्मीबाईंनी पुढं काही विचारलं नाही. नखानं टिकलीची कड उचलली आणि सरळ ओढून काढली.

खाली पांढरा डाग होता. टिकलीसारखाच गोल.

"कोड!" लक्ष्मीबाईंची नणंद बोलली, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. "वैनी, फसवायला निघाले होते की आपल्याला!"

"कोड न्हाय," शिवकन्या म्हणाली. मान आता वर होती. "टिकलीच्या डिंकानं झालंय. धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या डिंकात केमिकल असतंय, त्यानं कातडीचा रंग जातो. टिकली सोडली की बऱ्याच जणींचं भरून येतं. माझंबी भरत आलं होतं. तुम्ही बघायला येणार म्हणून आईनं पुन्हा चिकटवायला लावली."

हरणाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आन् मावशी," पोर थांबायला तयार नव्हती, "तुमच्या ताटातलं कुंकू कुठलंय? लई भडक दिसतंय. मला रंगाचं चालत न्हाय. माझ्या करंड्यात घरी केलेलं हळदीचं हाय, ते लावता का?"

घ्या! आधी डाग लपवायचा आणि वर सासूच्या कुंकवाला नावं ठेवायची! आणि करंड्यातलंच कशाला हवं? काही मंतरलेलं-बिंतरलेलं तर नसेल? लक्ष्मीबाईंचं डोकं तापलं.

"डिंकानं म्हणं! बायका जन्मभर टिकल्या लावत्यात. तीस वर्षं झाली, मी लावते. कुणाचं काय झालं गं?"

"काढून कोण बघतंय?" शिवकन्या म्हणाली.

सकाळपासून लक्ष्मीबाईंचं कपाळ खाजत होतं. उकाडा, दुसरं काय! पण खरंच, आंघोळ झाली की जुनी काढायची आणि चाचपून त्याच जागी नवी डकवायची, हीच सवय. सवाष्णीनं मोकळं कपाळ आरशात बघायचं नसतं, असं सासूनं शिकवलेलं. तीस वर्षं त्यांनी बघितलं नव्हतं.

"हात धुऊन येते," म्हणून त्या उठल्या.

मागच्या बाजूला बेसिनवर आरसा होता. त्याच्या काचेला हरणाबाईंच्या टिकल्या ओळीनं चिकटवलेल्या. लक्ष्मीबाईंनी दार लोटलं आणि आपली टिकली काढली.

आई गं! पोरीच्यापेक्षा मोठा. पांढराफटक.

बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा, ज्ञानोबांचा, आवाज आला, "अगं, लागलं का कुंकू? इकडं पेढे फोडू का?" लक्ष्मीबाईंनी घाईघाईनं टिकली परत दाबली. छान बसली. कुणी बघितलं नव्हतं. आता 'चला' म्हणायचं, जीपमध्ये बसायचं. पोरीचं काय होईल ते होईल, आपल्याला कोण विचारणार होतं?

आतून नणंदेचा आवाज येत होता. "आनखी कुठं कुठं हाय, ते बघाय पायजे. लुगडं सोडून दाखवा म्हणावं."

लक्ष्मीबाईंनी टिकली पुन्हा काढली आणि नळाखाली वाहून जाऊ दिली.

पदर भुवयांपर्यंत ओढून त्या आत आल्या, पाटासमोर बसल्या. आपलं कुंकवाचं ताट बाजूला सारलं. "पोरी, तुझा करंडा आण."

शिवकन्येनं आणला. लक्ष्मीबाईंनी हळदीचं कुंकू घेतलं आणि तिच्या पांढऱ्या डागावर, बरोबर मधोमध लावलं. हरणाबाईंना हुंदका फुटला.

मग लक्ष्मीबाईंनी आपला पदर मागं सारला. "आता मला लाव."

"वैनी!" नणंद किंचाळली. "नवरा बाहेर बसलाय आन् मोकळ्या कपाळानं..." पुढचे शब्द तिच्या तोंडातच राहिले.

"बघा वन्सं, जवळ येऊन बघा," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "आन् आता ह्याला काय म्हणता, ते सांगा."

नणंदेचा हात आपल्या टिकलीकडं गेला. नखानं तिनं टिकलीची कड चाचपली. काढली मात्र नाही.