लॉर्ड थॉर्नवेल यांच्या हातावरचे बटण

‘लॉर्ड थॉर्नवेल यांनी दुष्काळात लाखो प्रजाजनांना काम व अन्न देऊन जगवले.’

काम दिले होते, हे खरे, खडी फोडण्याचे. अन्नही दिले होते. तुरुंगातल्या कैद्याला मिळे त्याहून कमी, कारण रयतेला फुकट खाण्याची सवय लागेल, अशी गव्हर्नरसाहेबांना काळजी होती. त्याच महिन्यांत बंदरातून गहू विलायतेला जात होता आणि खडीच्या ढिगांशेजारी माणसे पडत होती. डब्लिनमधल्या मुलीच्या शाळेच्या व्यायामशाळेत हे सारे शैलजाइतके कोणालाच ठाऊक नव्हते. तिचा प्रबंधच त्यावर होता. याहून किरकोळ रंगसफेदीसाठी तिने भल्याभल्या विद्वानांना परीक्षणांतून सोलून काढले होते.

ते वाक्यही तिचेच होते. मुलांच्या चरित्रकोशातले.

पाचवीची मुले आज मेणाचे पुतळे झाली होती. प्रत्येकाच्या हातावर लाल कागदाचे गोल बटण. ते दाबले की पुतळ्याने स्वतःचे चरित्र सांगायचे. तिची मुलगी रुही एका अंतराळवीराशेजारी बापाचा काळा कोट घालून, गालांवर कापसाचे कल्ले चिकटवून निश्चल उभी होती.

“काय गव्हर्नरसाहेब, मुजरा करू का?” त्यांच्या शेजारी राहणाऱ्या देवांगने बटण दाबले.

रुही हसली नाही. तिने आईचे वाक्य, ‘मी’ घालून, खणखणीत म्हणून दाखवले.

“शैलजा, हे खरंय?” देवांग वळला. “आमच्या बार्शीच्या घरातलं त्या दुष्काळात एकच पोर उरलं होतं म्हणतात. बाकीची खडी फोडायला गेली, ती गेलीच.”

“मुलांचं पुस्तक आहे रे. सिम्प्लिफाय करावं लागतं.”

“बरंच सोयीचं सिम्प्लिफाय केलंस, यार,” तो म्हणाला आणि अंतराळवीराकडे गेला.

पुतळ्याने मान वळवली. “मॉम, देवांगकाका लाय करतायत?”

“नाही.”

“मग मी?”

शैलजाने उगाच तिचा कोट नीट केला. “तू नाही,” ती म्हणाली. “मी.”

“देन व्हॉट डिड ही से? त्याने स्वतः?”

निवृत्तीनंतर पार्लमेंटात विचारलेल्या प्रश्नाला साहेबांनी दिलेले उत्तर शैलजाला तोंडपाठ होते. नोंदीच्या पहिल्या खर्ड्यात ते होतेही. दहा वर्षांची मुले घाबरतील, असे संपादिकेने हळूच सुचवले होते. शैलजाने वाद घातला नव्हता. उत्तर तिने स्वतःच्या हाताने काढले होते, आणि वर संपादिकेचे आभार मानले होते.

आता ती दहा वर्षांच्या मुलीच्या कानाशी वाकली आणि ते उत्तर शब्द न शब्द सांगितले. रुहीने ते पुन्हा सांगायला लावले. ती घाबरलेली दिसत नव्हती. तिने आईकडे पाहिले मात्र असे, की शैलजा दोन पावले मागे सरली.

गुण द्यायला बाई आल्या. पाठ केलेले सोडून दुसरे काही बोलले तर गुण जाणार, हे रुहीला माहीत होते. बाईंनी हसून बटण दाबले.

लॉर्ड थॉर्नवेल बोलले:

“माणसे मरत आहेत, हे मला दर आठवड्याला कळवले जात होते. धान्य बंदरात रोखणे माझ्या हातात होते. मी रोखले नाही. दुसऱ्याच्या व्यापारात ढवळाढवळ करणे मला अशिष्ट वाटले.”