नवी बराक

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत, काचेपलीकडे बायको दिसताच लिंबाजीने घाईघाईने फोन कानाला लावला.

"सोजर, नवी बराक झाली गं! आता उताणं झोपता येतं. पाय लांब करून."

विहिरीवरची मोटर चोरल्याच्या आरोपावरून तो आत आला, त्याला चौथं वर्ष लागलं होतं. खटला अजून उभाच राहिला नव्हता. जुन्या बराकीत इतकी दाटी, की एकाने कूस बदलली तर अख्ख्या रांगेला बदलावी लागे.

"खिडकीपाशी जागा मिळालीय. आणखी दोन बराकी बांधताहेत म्हणे."

सोजर थकल्या आवाजात म्हणाली, "दर खेपेला आधी विचारायचात, वकील काय म्हणाला, कधी सुटणार. आज विचारलं नाहीत."

खरंच, लिंबाजीला आठवलंच नव्हतं.